गोठवलेलं कार्ड

एका जागी बसणं वहिनीला कधी जमलंच नाही. चहा ती उभ्यानेच प्यायची, फोनवर बोलताना खोलीभर फिरायची, आणि समोरच्याचं वाक्य संपायच्या आत तिचं उत्तर तयार असायचं. बँकेतली नोकरी सोडून ती नणंदेच्या ऑफिसात आली, तेव्हा नवरा हसून म्हणाला होता, "माझ्या बहिणीचं आता काही खरं नाही."

नणंद वयाने लहान, पण कर्तबगार. बरीच वर्षं हॉस्पिटलात नर्स होती. मग स्वतःचं काम सुरू केलं: एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी नर्स पाठवायची. चाळीसेक घरं, दहा-बारा नर्स, आणि दुसऱ्या मजल्यावर तीन खोल्यांचं ऑफिस. सगळे तिला सिस्टर म्हणायचे. आणि सिस्टर जिला वहिनी म्हणते ती आपोआप सगळ्यांचीच वहिनी झाली. वयाने मोठ्या नर्ससुद्धा तिला वहिनीच म्हणायच्या.

सिस्टरला माणसाची नाडी हातात घेतली की सगळं कळायचं, पण कॉम्प्युटरचं नाव काढलं की ती हात वर करायची. कोणी म्हणालं अमुक सॉफ्टवेअर चांगलं आहे, की घे. कोणी म्हणालं तमुक त्याहून चांगलं, की तेही घे. नर्सच्या पाळ्या लावायला एक, पगाराला एक, पेशंटच्या फायली ठेवायला एक, सह्या घ्यायला आणखी एक. आणि या सगळ्यांचे दरमहाचे पैसे सिस्टरच्या एकाच कार्डावरून कापले जायचे.

एकदा त्या कार्डाचा नंबर कुठूनतरी फुटला. कोण्या भामट्याने त्यावर बुटांचे जोड घेतले. बँकेने कार्ड बंद केलं, ते बरंच झालं. पण कार्ड बंद पडलं तशी एकेक करून सगळी सॉफ्टवेअरंही बंद पडली. एका सकाळी नर्स ऑफिसच्या जिन्यात ताटकळत उभ्या, आणि कोणी कुणाच्या घरी जायचं हे कुणालाच ठाऊक नाही. सिस्टरने आठवून आठवून एकेकीला पिटाळलं, तेव्हा कुठे घोडं पुढे सरकलं.

"हे आता माझ्याकडे दे," वहिनी म्हणाली.

तिने बँकेत असताना हे पाहिलं होतं. व्हर्च्युअल कार्ड. प्रत्येक सॉफ्टवेअरला वेगळं कार्ड, प्रत्येकाला वेगळी मर्यादा. एकाचा नंबर फुटला तर तेवढं एक बंद करायचं, बाकीची चालू.

"म्हणजे कार्ड आहे की नाही?" सिस्टरने विचारलं.

"आहे. पण हातात धरता येत नाही. नुसता नंबर."

"मग हरवणार कसं?"

"तेच तर!"

आठवड्याभरात वहिनीने सगळा संसार मांडला. तिच्या फोनवर एकाखाली एक कार्डं, प्रत्येकावर तिने दिलेलं नाव: 'पाळ्या', 'पगार', 'फायली'. पैसे कापले गेले की फोन टुणकन वाजायचा. आणि प्रत्येक कार्डाखाली एक छोटं निळं बटण असायचं: 'गोठवा'. ते दाबलं की त्या कार्डावरून कुणाला दमडी मिळत नसे.

त्या निळ्या बटणाची तिला चटकच लागली. सह्यांचं सॉफ्टवेअर वर्षभर कुणी उघडलंच नव्हतं, गोठवलं. फोटो साठवणारी दोन होती, एक गोठवलं. जेवताना फोन हातात बघून नवरा म्हणाला, "मला कधी गोठवतेस?"

"तुमच्यावर मर्यादा घातलीये, तेवढी पुरे," ती म्हणाली, आणि दोघंही हसली.

राहता राहिलं एक कार्ड. त्याचं नाव होतं 'वायरवाला'. वायरवाला म्हणजे ऑफिसातले कॉम्प्युटर, फोन, तारा असलं सगळं बघणारा माणूस. हुशार, पण नवनव्या खेळण्यांचा भारी नाद. तो घाईघाईत आला होता, "वहिनी, माझ्या कामासाठी एक कार्ड काढून द्या, नाव काहीही घाला," म्हणाला होता, आणि हिनेही घाईघाईत काढून दिलं होतं. महिन्याभराने तो दुसरीकडे नोकरीला लागला. कार्ड राहिलं. त्यावरून दर महिन्याला कुणीतरी पैसे कापत होतं, आणि घेणाऱ्याच्या नावाच्या जागी नुसती अक्षरांची जुळवाजुळव, उच्चारताही येणार नाही अशी.

वहिनीच्या डोक्यात तिडीक गेली. माणूस गेला, पण त्याची खेळणी आपण पोसतोय!

तरी तिने विचारलं, नाही असं नाही. ऑफिसच्या ग्रुपवर ती अक्षरं टाकली आणि खाली लिहिलं, 'हे कोणी वापरतं का?' दोघींनी नकार कळवला. एकीने हात जोडलेलं चित्र टाकलं. सिस्टर जिन्यात भेटली तेव्हा तिलाही विचारलं. सिस्टरच्या एका हातात औषधांची पिशवी, कानाला फोन. "तू बघ गं वहिनी, मला त्यातलं काय कळतं," म्हणत ती खाली उतरलीसुद्धा.

वहिनीने निळं बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी फोन टुणकन वाजला: 'व्यवहार नाकारला.' पुढे काही दिवस तोच निरोप रोज येत राहिला. कुणीतरी दार ठोठावत होतं आणि आपण आतून कडी लावून बसलोय, असं वाटून वहिनीला मजा वाटत होती. मग निरोप यायचे थांबले. "दमला शेवटी," ती स्वतःशी म्हणाली आणि विसरून गेली.

ऑफिसच्या फोनवर बसणाऱ्या मुलीला सगळे रेडिओ म्हणायचे, कारण ती सकाळी सुरू झाली की संध्याकाळीच बंद व्हायची. त्या दिवशी दुपारचा डबा उघडता उघडता रेडिओ म्हणाली, "दोन दिवस झाले, घड्याळजींची घंटा नाही. देव पावला म्हणायचा!"

"कुठली घंटा?" वहिनीने सहज विचारलं.

"अहो, ते गळ्यातलं बटण नाही का आपल्या पेशंटांना दिलेलं? पडले, चक्कर आली, काही झालं, तर दाबायचं. दाबलं की त्यांच्या भिंतीवरच्या डब्यातून इथे हा फोन वाजतो आणि कुणाच्या घरची घंटा ते दिसतं. बाकीचे बिचारे कधीमधी दाबतात. घड्याळजी मात्र दिवसातून दहादा. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली ना त्यांनी! 'तुमच्याकडे किती वाजले?' विचारतात आणि 'चुकीचं आहे, दोन मिनिटं मागे आहे' म्हणून फोन ठेवतात. जीव नकोसा करतात. आता दोन दिवस कसं शांत शांत वाटतंय."

वहिनी फेऱ्या मारत होती, ती थबकली.

"बाकीच्या कुणाची आली का घंटा? या दोन दिवसांत?"

रेडिओने घास हातातच धरून विचार केला. "नाही. कुणाचीच नाही."

"ही घंटा बसवली कोणी?"

"वायरवाल्याने."

वहिनीने वायरवाल्याला फोन लावला. तो नव्या नोकरीत कुठल्याशा मीटिंगमध्ये होता, कुजबुजत बोलला. तिने ती अक्षरं एकेक करून वाचून दाखवली.

"अहो वहिनी, ते खेळणं नाही माझं," तो म्हणाला, आणि त्याची कुजबुज एकदम मोठी झाली. "घंटेची लाइन आहे ती! पैसे मिळाले नाहीत तर ते काही दिवस वाट बघतात, मग लाइनच तोडतात. तुम्ही बंद तर नाही ना केलं?"

वहिनीने फोन ठेवला. बटण पुन्हा दाबून तिने कार्ड सोडवलं, पैसे भरले. घाईत आकडा दोनदा चुकला. पडद्यावर थंडपणे उमटलं: सेवा पूर्ववत होण्यास काही तास लागू शकतात.

"रेडिओ, डबा ठेव," ती म्हणाली. "सगळ्या घरी फोन लावायचेत. आत्ताच्या आत्ता. अर्धे तू, अर्धे मी."

मग जे सुरू झालं ते विचारू नका. एक फोन ठेवला की दुसरा. कुणी चटकन उचलायचं, कुणी इतक्या उशिरा की तेवढ्यात वहिनीच्या डोळ्यांपुढे जिना, न्हाणीघर, ओली फरशी, काय काय येऊन जायचं. "काही नाही आजी, सहज केला, बऱ्या आहात ना?" एका आजीला इतका आनंद झाला की त्या सोडेचनात. सिस्टर बाहेरून आली, एका दमात सगळं ऐकलं, आणि तिसरा फोन ओढून तीही बसली.

सगळ्यांनी फोन उचलले, घड्याळजींनी उचलला नाही. पुन्हा लावला, तरी नाही.

"आज त्यांच्याकडे नर्स जायची नव्हती," रेडिओ हळूच म्हणाली. एवढं छोटं वाक्य तिच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं असेल.

वहिनीने पर्स उचलली आणि जिना उतरून टॅक्सी पकडली. टॅक्सीवाला सिग्नलला थांबला की तिचा पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर असल्यासारखा दाबला जायचा. मिनिटामिनिटाला ती घड्याळजींच्या घरी फोन लावत होती, आणि तो वाजून वाजून बंद पडत होता. डोक्यात एकच घोळत होतं. फोनवर रोज येणारा तो निरोप. 'व्यवहार नाकारला.' आपण त्यावर हसलो होतो.

घड्याळजींचं घर तळमजल्यावर होतं. दाराला कुलूप.

कुलूप! वहिनीला क्षणभर हायसं वाटलं आणि दुसऱ्याच क्षणी त्याहून जास्त भीती. माणूस दीड वर्षात उंबऱ्याबाहेर पडला नव्हता. गुडघे धरलेले, सोबतीला काठी. तिने शेजारचं दार वाजवलं. शेजारीण ओले हात पुसत बाहेर आली.

"सकाळीच गेले हो. मी म्हटलं कुठे निघालात, तर नुसते गुरगुरले. हातात तो घंटेचा डबा होता, भिंतीवरून उपटून काढलेला. मागच्या चिकटपट्टीवरचं काहीतरी भिंग लावून वाचत होते. पत्ता असावा."

घंटेचे डबे जुने होते. त्यांच्यावरचा पत्ताही जुना. ऑफिस गेल्या वर्षी हललं होतं आणि नव्या चिकटपट्ट्या छापायचं राहून गेलं होतं.

जुनं ऑफिस दोन मोठे रस्ते आणि एक उड्डाणपूल ओलांडून होतं. टॅक्सीने काहीच नाही, पण काठी टेकत टेकत? वहिनीने टॅक्सी हळू चालवायला लावली. खिडकीतून मान काढून ती दोन्हीकडचे फुटपाथ बघत होती; प्रत्येक पांढरं डोकं घड्याळजींचं वाटायचं आणि जवळ आलं की दुसऱ्याच कुणाचं निघायचं.

जुन्या जागेत आता गाद्यांचं दुकान होतं. आणि दुकानाच्या अगदी मधोमध, विकायला मांडलेल्या जाडजूड गादीवर, गळ्यात बटण आणि मांडीवर डबा घेऊन घड्याळजी बसले होते. एक पाय गादीवर ताठ ठेवलेला, घोटा सुजून टम्म. बाजूला पाण्याचा ग्लास. दुकानदार कपाळाला हात लावून उभा होता.

"तुमचे कोणी आहेत का हे?" तो वहिनीला म्हणाला. "केव्हाचे सांगतोय, ऑफिस इथून गेलं. ऐकतच नाहीत. साहेबांना बोलवा म्हणतात. मीच साहेब आहे म्हटलं, तर म्हणतात दुसरा बोलवा."

वहिनी तिथेच दुसऱ्या गादीवर बसली.

"आजोबा, मी त्याच ऑफिसातली."

घड्याळजींनी तिला नखशिखांत न्याहाळलं. "सापडलात एकदाचे! परवापासून बोट दुखेपर्यंत दाबतोय. कोणी आहे का तिकडे जिवंत?"

"फोन करायचा होतात, आजोबा. घरच्या फोनवरून."

"फोन कशाला? भीक मागायला?" त्यांचा आवाज चढला आणि मध्येच फाटला. "मला समोर बसून विचारायचं होतं. कधीपासून पैसे भरले नाहीत माझ्या मुलीने? तारीख सांगा मला."

वहिनीला काही कळेना. मग तुकड्यातुकड्यांनी कळलं. मुलगी दुसऱ्या गावात होती. घंटेचे आणि नर्सचे पैसे तीच भरायची. चार दिवसांपूर्वी फोनवर दोघांची जुंपली होती. ती म्हणाली, माझ्याकडे राहायला या. हे म्हणाले, मेलो तरी येणार नाही. ती चिडून म्हणाली, "मग तुमचं तुम्ही बघा!" आणि त्यानंतर घंटा मुकी झाली. दाबा, दाबा, कोणी बोलेना.

"म्हटलं, बघून घेतलं हिने," घड्याळजी म्हणाले. डब्यावरची चिकटपट्टी ते नखाने खरवडत होते. "काल रात्री फोन केला, तिने उचलला नाही. ते मशीन बोललं. मी त्या मशीनला सांगितलं, मला मुलगी नाही असं समजेन."

दुकानदार हळूच दुकानाच्या मागच्या बाजूला निघून गेला.

वहिनीला आयुष्यात पहिल्यांदाच उत्तर सुचायला वेळ लागला. काहीतरी बिघाड झाला होता असं सांगता आलं असतं. कंपनीची चूक, लाइनची चूक, वायरवाल्याची चूक. तिन्ही तिच्या जिभेवर येऊन गेली.

"आजोबा, तुमच्या मुलीने एकही महिना चुकवलेला नाही," ती म्हणाली. "बंद मी केलं. घंटेच्या लाइनचे पैसे ज्या कार्डावरून जातात, ते मी गोठवलं. मला माहीत नव्हतं ते कशाचं आहे."

"माहीत नव्हतं, मग हात कशाला लावलास?"

"वाटलं, कुणाच्याच उपयोगाचं नाही."

वहिनी वाट बघत होती, आता घड्याळजी ओरडतील, काठी उगारतील. त्यांनी डबा मांडीवरून उचलून बाजूला ठेवला.

"घड्याळ उघडल्यावर," ते सावकाश म्हणाले, "कुठलं चाक कशाला फिरवतं ते कळेपर्यंत मी श्वास रोखून बसायचो. चिमटा लावायचो नाही." मग एकदम घाबरल्यासारखे तिचा हात धरून म्हणाले, "तिला फोन लाव. आधी तिला लाव. नंबर मला पाठ आहे."

मुलीने पहिल्याच रिंगला उचलला. मागे गाडीचा खडखडाट ऐकू येत होता.

"मी निघालेय," ती म्हणाली. "निरोप ऐकला आणि निघाले. अर्ध्या वाटेत आहे. तुम्ही कोण? बाबा कुठे आहेत?"

वहिनीने सांगितलं, सगळं, जसं घडलं तसं.

"म्हणजे मी रात्रभर जी रडले," मुलगी म्हणाली, "ती तुमच्या एका बटणापायी?"

"हो."

"बाबांना द्या."

वहिनीने फोन घड्याळजींच्या कानाला लावला आणि दुकानाबाहेर जाऊन उभी राहिली. काचेतून दिसत होतं. ते नुसते ऐकत होते, मान हलवत होते, जणू समोरच्याला दिसतंय.

वहिनीने घड्याळजींना हॉस्पिटलात नेलं, मुलगी संध्याकाळी तिथेच पोचली. हाड मोडलेलं नव्हतं, पाय मुरगळला होता, आठ-दहा दिवस टेकवायचा नव्हता. ती वडिलांशी भांडत आत शिरली, "एकट्याने उड्डाणपूल चढायला तुम्हाला काय झालं होतं," आणि भांडता भांडताच त्यांच्या पायाखाली उशी नीट केली. वहिनीकडे तिने पाहिलं नाही. वहिनी दारात उभी होती. ना आत जाववत होतं, ना घरी.

सिस्टरने दुसऱ्या दिवशी स्वतः एकेका घरी फोन केला. "दोन दिवस घंटा बंद होती, चूक आमची," एवढंच, आडपडदा नाही, सारवासारव नाही. दोन घरांनी काम काढून घेतलं. एका पेशंटचा मुलगा फोनवर इतकं बोलला की रेडिओ तोंडात पदर धरून बसली. वहिनीला वाटत होतं, सिस्टरने आपल्याला फाडून खावं. सिस्टर फाइल चाळत राहिली.

"बोल ना काहीतरी," वहिनी न राहवून म्हणाली. "मी तुझं नाव घालवलं."

"जिन्यात तू मला विचारलंस," सिस्टर मान वर न करता म्हणाली. "मी ऐकलं असतं तर मला कळलं असतं. नसतंही कळलं. पण मी ऐकलंच नाही. आता आपण दोघी मिळून किती दिवस डोकं फोडून घ्यायचं ते ठरव, मग कामाला लागू."

वहिनीने फोन उघडला. प्रत्येक कार्डाचं नाव बदलून त्यापुढे तिने एकेका माणसाचं नाव घातलं: हे बंद पडलं तर कुणाचं अडेल, त्याचं. त्या माणसाशी बोलल्याशिवाय निळ्या बटणाला हात लावायचा नाही, असं तिने स्वतःलाच बजावलं. आणि घंटेच्या कार्डाचा ताबा तिने सिस्टरच्याही फोनवर दिला, सिस्टर नको नको म्हणत असतानाही.

घड्याळजी मुलीकडे गेले. "पाय बरा होईपर्यंत," त्यांनी दहादा बजावलं. वहिनी टॅक्सीपर्यंत सामान घेऊन गेली. मुलीने तिच्या हातून बॅग घेतली, "थँक्यू" म्हणाली, त्यात गोडी नव्हती आणि रागही नव्हता. टॅक्सी वळणावर दिसेनाशी झाली. माफ केलं की नाही, हे वहिनीला कळलं नाही, आणि विचारायला तिला तोंडही नव्हतं.

ऑफिसात परत येऊन ती खुर्चीत टेकली, उठली, पुन्हा टेकली.

"घंटेची लाइन चालू झालीये म्हणे," ती सिस्टरला म्हणाली. "म्हणे! पडदा सांगतो तसं. मी एकेका घरी जाऊन दाबून बघणार आहे. सगळी घरं. त्याशिवाय मला झोप नाही यायची."

सिस्टरने फाइल मिटली, चपला पायात सरकवल्या.

"चल," ती म्हणाली. "मीही येते. रेडिओ, फोनपाशी बस, आणि आज जेवायलासुद्धा उठू नकोस."